लाव्हाच्या मुलखातलं पाणी : सोलापूरची तळी कशी पाहावीत

इटलीत रोमच्या उत्तरेला बोल्सेना नावाचं तळं आहे. ज्वालामुखीच्या पोटातला लाव्हा बाहेर पडला, खालचा आधार गेला, वरची जमीन खचली आणि त्या प्रचंड खोलग्यात पाणी साठलं. सुमारे 115 चौरस किलोमीटरचं हे तळं युरोपातलं सर्वांत मोठं ज्वालामुखीय तळं मानतात. काठावर जुनी दगडी गावं आहेत, पाण्यात दोन बेटं आहेत. जुलैत संत क्रिस्तिनाच्या कथेतले प्रसंग गावातले लोक चौकाचौकात उभे करतात आणि त्याआधीच्या एका उत्सवात रस्त्यांवर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे अंथरतात. निसर्ग, इतिहास आणि परंपरा तिथे एकाच पाण्याभोवती जमल्या आहेत. त्यामुळे लोक दोन-चार दिवस मुक्काम ठोकून तो सगळा परिसर निवांत पाहतात.

सोलापूरही ज्वालामुखीच्या दगडावर वसलेलं आहे. इथेही तळी आहेत, तळ्यात देऊळ आहे, काठावर किल्ला आहे, आणि जानेवारीत रस्त्यांवर मैलोन्‌मैल रांगोळीच्या पायघड्या पडतात. तरीही सोलापूरला येणारा बहुतेक पाहुणा सिद्धेश्वराचं दर्शन, चादरीची खरेदी आणि मग अक्कलकोट, तुळजापूर किंवा पंढरपूरची गाडी एवढ्यातच मोकळा होतो. हा लेख अशा पाहुण्यासाठी आहे आणि खरं तर त्याहून जास्त इथेच जन्म गेलेल्या सोलापूरकरांसाठी आहे.

एक फरक मात्र आधीच ध्यानात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं पाहणं त्यावर उभं आहे. बोल्सेनाला तळं ज्वालामुखीने दिलं. आपल्याकडच्या लाव्हाने तसा एकही खोलगा दिला नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जो लाव्हा आला तो एखाद्या शंकूच्या तोंडातून उसळून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. तो पसरत गेला, थिजला, त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा काळा दगड पसरलेला आहे. पश्चिम घाटात त्याची जाडी खूप आहे. पूर्वेला सोलापूरकडे येईतो तो पातळ होत जातो आणि मुलूख सपाट होतो. या सपाटीवर पाणी आपणहून थांबत नाही. म्हणून सोलापूरचं प्रत्येक तळं माणसाने बांधलेलं आहे. इटलीतल्याच आल्बानो तळ्याला प्राचीन रोमनांनी डोंगर पोखरून जवळपास दीड किलोमीटरचा बोगदा काढला होता, जास्तीचं पाणी बाहेर जावं म्हणून. आमच्या मुलखात शतकानुशतकं खटाटोप चालला तो पाणी आत राहावं म्हणून.

तेव्हा इथल्या तळ्यावर उभं राहिल्यावर नुसतं पाण्याकडे पाहू नका. हे कोणी बांधलं, कशासाठी बांधलं, कशाच्या जोरावर पाणी थांबलं आणि आज त्याची निगा कोण राखतं, हे प्रश्न बरोबर घेऊन फिरा. सोलापूरचा निसर्ग, इतिहास आणि यात्रा वेगवेगळ्या खणांत ठेवून पाहता येत नाहीत, हे मग आपोआप कळतं.

(लोणारचं नाव इथे कोणाच्याही ओठांवर येईल. बुलढाणा जिल्ह्यातलं ते तळं याच काळ्या दगडात आहे, पण तो खोलगा उल्कापाताने झालेला आहे, ज्वालामुखीने नव्हे. त्याची सहल स्वतंत्र करावी.)

आधी दगड आणि माती

पहिला तास एखाद्या विहिरीवर घालवा. शहराबाहेर कुठल्याही दिशेला पाच-सात किलोमीटर गेलात की रस्त्याकडेच्या शेतात न बांधलेली, उघड्या कडांची विहीर सापडते. मालकाला विचारून, काठापासून बेताने दूर उभं राहून आत पाहा. वर हात-दोन हात काळी माती, तिच्या खाली पांढरट चुनखडीचे खडे, मग पिवळसर-तांबूस मुरूम, आणि त्याखाली दगड. दगडातही दोन जाती दिसतील. एक सलग, घट्ट, काळा पाषाण. दुसरा बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेला, हिरवट-लालसर, ठिसूळ, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. लाव्हाचा थर थिजताना त्यातले वायू वर जमले, त्यांची भोकं राहिली आणि पुढे त्यांत पांढरी खनिजं भरली. पाणी झिरपतं ते या मांजऱ्यातून, मुरमातून आणि पाषाणाच्या फटींतून. सलग पाषाण पाणी धरतही नाही आणि देतही नाही. शेजारच्या दोन शेतांपैकी एका विहिरीला पाणी आणि दुसरी कोरडी, असं इथे का होतं त्याचं उत्तर त्या कडेवर उघडं दिसतं.

आता पायाखालची काळी माती. ती याच दगडाची झीज होऊन झालेली आहे. ओली झाली की फुगते, वाळली की तिला हात जाईल अशा भेगा पडतात. फुगलेल्या स्थितीत ती पाण्याला वाट देत नाही. म्हणून दख्खनमध्ये मातीचं धरण बांधताना बंधाऱ्याच्या पोटात काळ्या मातीचा गाभा घालतात, दोन्ही अंगांना मुरमाचं कवच चढवतात आणि पाण्याकडच्या उतारावर दगड बसवतात. ज्या लाव्हाने तळं दिलं नाही, त्याच्याच तीन रूपांनी, माती, मुरूम आणि पाषाणाने, माणसांनी तळी उभी केली. ही गोष्ट मला सोलापूरच्या सगळ्या प्रेक्षणीय स्थळांहून मोठी वाटते.

पावसाचं गणितही इथेच समजून घ्यावं. जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, परतीचा. उलट उघड्या तळ्यातून वर्षभरात उन्हाने उडून जाणारं पाणी दीड-दोन मीटर उंचीचं भरतं. पडतं त्याच्या तिप्पट उडतं. अशा ठिकाणी तळं भरलेलं दिसणं ही केवढी गोष्ट आहे!

सिद्धेश्वर तलाव

इथे सकाळी लवकर जा, सूर्य वर येण्याआधी. देऊळ पाण्याच्या मधोमध, तळ्यात उभारलेल्या भूमीवर आहे. एका बाजूने भुईकोट किल्ल्याचा तट पाण्याला भिडलेला आहे. दर्शनाची घाई नसेल तर आधी बाहेरून फिरा आणि मग आत शिरा.

हा तलाव बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी आपल्या अनुयायांना बरोबर घेऊन खोदवला, अशी परंपरा आहे. सिद्धराम इथलेच, तेव्हा सोन्नलगी म्हणवल्या जाणाऱ्या गावचे. आईचं नाव सुग्गलादेवी, वडील मुद्दगौडा. तेराव्या शतकात राघवांक या कन्नड कवीने त्यांचं चरित्रकाव्य लिहिलं. त्यांची कथा सोलापूरच्या घराघरांत सांगतात. गुरं राखणाऱ्या अबोल मुलापाशी शेतात मल्लय्या नावाचा एक जंगम येतो, हुरडा मागतो, मग दहीभात मागतो. मुलगा घरून दहीभात घेऊन येईतो जंगम नाहीसा झालेला असतो. त्याला शोधत मुलगा यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलला पोचतो, मल्लय्या भेटत नाही म्हणून कड्यावरून उडी घ्यायला निघतो, आणि तिथे मल्लिकार्जुन त्याला भेटतो व गावी परत पाठवतो. परत आल्यावर सिद्धरामांनी काय केलं ते महत्त्वाचं. त्यांनी गावाला क्षेत्र करायचं ठरवलं: अडुसष्ट लिंगं, अष्टविनायक, अष्टभैरव यांची स्थापना आणि तलाव. पुढे ते बसवेश्वरांच्या कल्याणला, शरणांच्या सभेत म्हणजे अनुभवमंटपात गेले. अल्लमप्रभूंशी त्यांची झालेली भेट शरण परंपरेत फार मोलाची मानतात. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाची मुद्रा आहे. दुष्काळी मुलखात तळं खोदणं हीच उपासना, ही धारणा त्या परंपरेत कायक म्हणून नांदते. देवळाच्या आवारात त्यांची योगसमाधी आहे. समाधीपाशी थोडा वेळ शांत बसा आणि मग पाण्याच्या कडेला या. तलाव आणि समाधी एकाच माणसाचं काम आहे हे तिथे जाणवतं.

पायऱ्यांवर उभं राहिलात की पाणकावळे, वंचक, खंड्या सहज दिसतात. माशांना पाव, चुरमुरे टाकू नका. पाण्यात उरलेलं अन्न कुजतं, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. हार, फुलं निर्माल्य कलशातच टाका. आपल्या श्रद्धेचा भार या पाण्यावर पडू न देणं हा त्याच श्रद्धेचा भाग आहे, असं मी मानतो.

अडुसष्ट लिंगांचं दर्शन ही सोलापूरची सर्वांत कमी वापरली जाणारी वाट आहे. ही लिंगं शहरभर विखुरलेली आहेत. काही देवळांत, काही गल्लीच्या कोपऱ्यावर, काही आता वस्तीच्या मधोमध. सगळी एका दिवसात करण्याचा हट्ट नको. देवळात विचारून आठ-दहा लिंगांचा एक पट्टा ठरवा आणि चालत करा. उत्तर कसब्यातले जुने वाडे, कन्नड पाट्या, तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं, मागांचा आवाज, उर्दू शाळा हे सगळं या वाटेवर लागतं. नकाशावर पाहून जे कधी कळणार नाही ते जुनं गाव पायांना कळतं.

पाण्याच्या आधाराचा किल्ला

तलावाला लागून असलेला भुईकोट बहमनी काळातला. सपाट मुलखात डोंगराचा आधार नाही, म्हणून दुहेरी तट, खोल खंदक आणि एका अंगाला तलाव अशी त्याची राखण. तटावरून देवळाकडे पाहिलंत की तलावाने देवळाला आणि किल्ल्याला एकदमच कसं कवेत घेतलं आहे ते दिसतं. सोलापूरचं सर्वांत चांगलं दृश्य मी तरी हेच मानतो.

या किल्ल्याची एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. 1524 मध्ये आदिलशाही राजकन्या मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली तेव्हा सोलापूर आंदण द्यायचं ठरलं होतं. किल्ला काही मिळाला नाही आणि त्यावरून वर्षानुवर्षं लढाया झाल्या. पुढे उलट दिशेने निजामशाहीची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदणात गेलं. दोन लग्नांत एकच किल्ला. 1818 च्या मे महिन्यात जनरल मन्रोने वेढा घालून तो पेशव्यांकडून घेतला. आत बत्तीस खांबांची वास्तू आणि जुन्या मंदिराचे अवशेष आहेत. तटाच्या दगडांत कुठे कुठे कोरीव काम डोकावतं, ते शोधत चाला. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, दिवसा उघडा असतो. दुपारी काळा दगड तापतो, त्यामुळे सकाळ किंवा उतरतं ऊन निवडा.

गड्डा

जानेवारीत येता येत असेल तर दुसरा कुठलाही महिना निवडू नका. सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे गड्डा, संक्रांतीला धरून असते. भोगीच्या आदल्या दिवशी नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, अडुसष्ट लिंगांकडे जातात आणि तैलाभिषेक होतो, त्याला यण्णीमज्जन म्हणतात. भोगीला दुपारी तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. संक्रांतीला रात्री होम मैदानावर होम. किंक्रांतीला शोभेचं दारूकाम आणि त्यानंतर कप्पडकळीने, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याच्या विधीने, सांगता. मैदानावरची पाळणे, भांडी, खेळणी, खाण्याची दुकानं मात्र पुढे बरेच दिवस चालतात.

या सगळ्यामागे कुंभारकन्येची कथा आहे. तिला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं. त्यांनी आपल्या व्रताची अडचण सांगितली आणि माझ्या योगदंडाशी विवाह कर म्हणून सुचवलं. त्या विवाहाची आठवण म्हणून आजही अक्षता पडतात आणि दुसऱ्या दिवशी होमात कन्येचं प्रतीक अग्नीला अर्पण होतं. एका मुलीच्या इच्छेभोवती एवढी मोठी यात्रा शतकानुशतकं उभी आहे. बोल्सेनातही उत्सवाच्या मध्यभागी एक मुलगीच आहे: धर्मासाठी छळ सोसलेली, तळ्यात ढकललेली क्रिस्तिना. तुलना इथेच थांबवावी. दोन्ही कथांचे अर्थ वेगळे आहेत.

पाहण्याची तयारी अशी करा. नंदीध्वज सात. प्रत्येक म्हणजे उंच, जड, सजवलेली काठी, आणि ती एकेक मानकरी उभी तोलत चालतो. त्यासाठी महिनाभर आधीपासून संध्याकाळी सराव चालतो. डिसेंबरच्या शेवटी आलात तर गर्दीविना हा सराव अगदी जवळून पाहता येतो, आणि मला विचाराल तर काठीचं खरं वजन तिथेच कळतं. यात्रेत मिरवणूक उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघते. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भक्त, हलग्या, आणि हर्र बोलाचा गजर. वाटेवरच्या रांगोळीवर पाय पडू देऊ नका, ती नंदीध्वजांसाठी आहे. अक्षता सोहळ्याला मधल्या गर्दीत शिरण्यापेक्षा दोन-तीन तास आधी येऊन तलावाच्या कडेची उंच जागा धरा. संमतीचं, म्हणजे या विवाहातल्या मंगलाष्टकांचं, वाचन सुरू झालं की प्रत्येक वेळी चारी बाजूंनी तांदूळ उडतात. तुमच्याही हातात कोणीतरी मूठभर ठेवेलच. लहान मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. गाडी शहराच्या मध्यात आणूच नका.

होमाच्या रात्री नंदीध्वजांना नागफणी चढवतात, तेव्हा तोल राखणं आणखी अवघड होतं. त्यानंतर वासराची भाकणूक असते: दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे वेगवेगळी धान्यं मांडतात, ते कशाला तोंड लावतं, कसं वागतं यावरून वर्षाचा पाऊस आणि पिकं सांगतात. ऐकायला शेतकरी लांबून आलेले असतात. त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं की या मुलखात पावसाचा प्रश्न किती जिवाचा आहे ते कळतं.

याच दिवसांत, 12 जानेवारीला, सोलापूर स्वातंत्र्यलढ्यातल्या आपल्या चार हुतात्म्यांना वंदन करतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 1931 साली येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या नावाचा चौक वाटेवरच आहे. तिथे थांबून पुढे जावं.

हिप्परगा

सिद्धेश्वर तलावानंतर हिप्परगा पाहायचा तो सातशे वर्षं पुढे येऊन. तुळजापूर रस्त्याने शहराबाहेर पडलात की आठ-दहा किलोमीटरवर हा एकरुख तलाव लागतो. आदिला ओढ्यावर मातीचा लांबलचक बांध घालून इंग्रजी अंमलात 1871 च्या सुमाराला तो पुरा झाला. त्या काळी मुंबई इलाख्यातला तो सर्वांत मोठा कृत्रिम तलाव होता. कालव्यांनी शेती भिजवणं आणि वाढत्या गिरणगावाला पाणी देणं ही त्याची कामं. आज शहराचं बरंचसं पाणी उजनी धरणातून आणि भीमेवरच्या टाकळीतून येतं, तरी हिप्परगा अजून सोलापूरची तहान भागवतोच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला पक्ष्यांचा काळ. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, सकाळी काठच्या शेतांत चरतात आणि ऊन चढल्यावर पाण्यात येतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, वारकऱ्यांचे थवे आणि नशीब चांगलं असेल तर कांड्या करकोचे. रोहित दिसणं हे तलाव किती भरला आहे यावर अवलंबून. पाणी काठोकाठ असेल तर उथळ चिखल उरत नाही आणि लांब पायांचे पक्षी दुसरीकडे जातात. मध्यम भरलेल्या वर्षी तेच शेकड्यांनी उतरतात. म्हणून निघण्यापूर्वी तलावात पाणी किती आहे ते स्थानिक पक्षिमित्रांना किंवा मासेमारांना विचारा. उजाडताना पोचा, सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडा, मातकट रंगाचे कपडे घाला, दुर्बीण आणा. थव्याने माना वर केल्या की तुम्ही फार जवळ आलात, तिथेच थांबा. फोटोसाठी थवा उडवणारा माणूस त्या पक्ष्यांची दिवसभराची कमाई उधळतो.

आश्विनी पौर्णिमेच्या आसपास याच रस्त्याने सोलापुरातून हजारो माणसं पायी तुळजापूरला जातात, रात्रभर. त्या रात्री गाडीने या रस्त्यावर येऊ नका. यायचंच तर चालायला या. वाटेत पाणी, चहा, फराळ देणारे जागोजाग असतात.

विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव, ज्याला जुनी माणसं कंबर तलाव म्हणतात, संध्याकाळच्या तासाभराचा आहे. शेजारी स्मृती उद्यान आहे. शहराचं सांडपाणी तळ्यात आलं की जलपर्णी कशी माजते आणि ती काढायला किती कष्ट पडतात, हे शाळेच्या मुलांना दाखवायला ही जागा योग्य.

संगमावर आणि माळावर

हत्तरसंग कुडलसाठी वेगळा अर्धा दिवस काढा. शहराच्या दक्षिणेला, मंद्रूपच्या बाजूने, सुमारे 40 किलोमीटर. भीमा आणि सीना इथे मिळतात. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके 940, म्हणजे 1018 सालचा मराठी लेख कोरलेला आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते आणि तो उजेडात आणला सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी, स्वतःच्या चिकाटीने गावोगाव फिरून. कन्नड मुलखाच्या उंबऱ्यावर, दोन नद्यांच्या काठी मराठी अक्षरं दगडात उतरली, हे पाहून अंगावर काटा येतो. लेख डोक्याच्या वर आहे, त्यामुळे छोटी विजेरी तिरकी धरून वाचा. अक्षरांत खडू, चुना, रंग भरू नका, हातही फिरवू नका. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराच्या परिसरात उत्खननात सापडलेलं, साडेतीनशेहून जास्त मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. ते बघायला घाई करू नका. पावसाळ्यात उजनीचा विसर्ग सुरू असताना घाटाच्या पायऱ्यांवर उतरणं धोक्याचं.

उत्तरेला बार्शी रस्त्यावर नान्नज. काळ्या मातीचा जिथे थरच नाही, जिथे मुरूम उघडा पडला आहे, तिथे शेती नीट होत नाही आणि गवताळ माळ होतो. पडीक म्हणून हिणवलेल्या या जमिनीवर माळढोक होता. 1979 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आता माळढोक दिसेल या आशेने जाऊ नये. तो जवळजवळ नाहीसा झाला आहे, आणि हे लिहिताना वाईट वाटतं. पण काळविटांचे कळप, खोकड, कधी लांडगा, धाविक, चंडोल आणि गवतावरून फिरणारे शिकारी पक्षी यांच्यासाठी हा माळ आजही पाहण्यासारखा आहे. वनखात्याची परवानगी घ्या, ठरलेल्या वाटेवरच राहा. या माळावर झाडं लावण्याचा उपक्रम करू नका. गवताळ माळाला झाडं नको असतात. दाट झाडी झाली की माळावरचे प्राणी, पक्षी निघून जातात.

केव्हा यावं, काय खावं

मुंबईहून रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सोलापुरात सोडते. तीन दिवस हाताशी असावेत: एक शहराचा, एक हिप्परगा आणि नान्नजचा, एक कुडलचा. डिसेंबर ते फेब्रुवारी हुरड्याचा हंगाम. शहराभोवतीच्या शेतांत आगट्या पेटतात. गोवऱ्यांच्या विस्तवात कोवळी कणसं भाजून गरम हुरडा तळहातावर चोळून देतात, बरोबर शेंगाचटणी, दही, गूळ. जंगमाने सिद्धरामाकडे मागितला तो हाच. चांगला हुरडा पहाटे तोडलेल्या कणसांचा असतो, त्यामुळे शेतमालकाला आदल्या दिवशी सांगून जा. भोगीच्या दिवशी कोणाच्या घरी जेवायचा योग आला तर तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि शेंगापोळी चुकवू नका. घरी न्यायला कडक भाकरी. ती आठवडाभर टिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, ती काळ्या मातीत मुरलेल्या ओलाव्यावर, पुढे पाऊस नसतानाही पिकते.

पाऊस ओसरल्यावर लगेच, ऑक्टोबरात यायचं असेल तर काळ्या मातीच्या वाटा टाळा; बुटाला शेर-दोन शेर चिखल चिकटतो आणि गाडी रुतते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मी कोणाला फिरायला या म्हणणार नाही. पण तलावांचा अभ्यास करायचा असेल तर तोच काळ आहे. पाणी हटतं, बांधाचा दगडी उतार पायथ्यापर्यंत उघडा होतो, तळाशी भेगाळलेला गाळ दिसतो. शेतकरी ट्रॅक्टरने तो गाळ उचलून मुरमाड रानांत पसरतात. त्यांच्याशी बोला. कुठल्या तळ्याचा गाळ कसा आहे, किती वर्षांत किती साचला, पसरल्यावर ज्वारीला काय फरक पडला, हे ते नेमकं सांगतात.